चालत्या माहेराची वाट

माणूस कसा आहे हे मी त्याच्या बसण्यावरून सांगतो. धंदाच तसा आहे माझा. डोंगराखालच्या टिंघीर गावात, गॅरेजांच्या गल्लीत मी गाड्यांच्या सीटा शिवतो, सणासुदीला लोकांच्या बैठकीच्या गाद्याही. सीटची दाराकडची कड झिजलेली असली की समजावं, माणूस उतावळा आहे. मधोमध खड्डा पडलेला असला की समाधानी, नाहीतर आळशी. त्यातला फरक शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. हद्दू ऊ-मोहाच्या सीटची मात्र पुढची कड तेवढी फाटायची आणि पाठ कोरीच्या कोरी. आयुष्यभर गाडी चालवली, पण हा माणूस टेकून बसलाच नव्हता.

टेकणार कसा? त्याचं सगळं लक्ष रस्त्याच्या कडेला. कोणी हात दाखवतंय का, कोणी सावलीत बसून राहिलंय का, कोणाची म्हातारी मागून पळत येतेय का. त्याची ती जुनी जर्मन व्हॅन बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांना जायची. आत माणसं, टपावर शेळ्या, मागच्या शिडीला लटकलेली पोरं. ‘जागा नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. आतली जागा संपली की टपावर बसवायचा, शेळ्यांच्या मध्ये. माझी सासू एकदा अशी टपावरून आली होती. ती अजून मला ऐकवते, जणू काही गाडी मीच चालवत होतो.

त्याची बायको इत्तो ही मेंढपाळांच्यातली. हिवाळ्यात तिची माणसं दक्षिणेला सग्रोच्या उबदार दऱ्यांत असायची आणि उन्हाळ्यात कळप घेऊन उत्तरेला वर, बर्फ वितळलेल्या कुरणांवर. लग्नाआधी हद्दू त्यांना पीठ आणि साखर पोचवायला जायचा. तिथं त्यानं इत्तोला पाहिलं असं तो सांगतो. इत्तो सांगते, साखरेचं पोतं उतरवताना तो तोंडावर आपटला आणि ती हसली, मग त्याला हसणाऱ्या माणसाकडे बघावंच लागलं.

लग्न होऊन ती खाली गावात आली, चार भिंतींत. इतर बायकांचं माहेर कुठल्यातरी गल्लीत असतं, कुठल्यातरी विहिरीशेजारी. इत्तोचं माहेर चालत असायचं. शेळ्यांच्या केसांचं विणलेलं काळं पाल, चार खुंट, दोन खेचरं, आणि ते सगळं आज इथं तर महिन्यानं तीन डोंगर पलीकडे. सुरुवातीला ती रस्ता संपेल तिथपर्यंत हद्दूच्या गाडीनं आणि पुढं खेचरावरून जायची, चार-आठ दिवस राहून यायची. मग मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, आईवडील गेले, पाल भावाकडे आलं. आणि मग ती गच्चीच्या जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड गेलं. काठी घेऊन अंगणात फिरण्यापुरती ती बरी झाली. खेचरावर बसणं संपलं.

ती कधी काही बोलली नाही. हद्दूला वाटायचं, बोलत नाही म्हणजे विसरली. पुरुषांना असं वाटणं सोयीचं जातं, मलाही वाटतं.

दोन वर्षांपूर्वी वसंतात तिचा थोरला भाऊ अद्दी बाजाराला आला होता. मी हद्दूकडेच चहाला बसलो होतो. अद्दी म्हणजे उंच, वाळका, डोळे सतत लांब कुठंतरी. घराच्या छताखाली तो नेहमी अवघडून बसतो. चहाचा पहिला ग्लास संपला तेव्हा तो म्हणाला, “अर्धा कळप विकला आज. उरलेला शरदात विकणार.”

हद्दू म्हणाला, “सगळा?”

“पाऊस नाही, गवत नाही. पोरानं गावाबाहेर दोन खोल्या बांधल्यात. या उन्हाळ्यात एकदा वर जातो. मग बास.”

“आणि पाल?” हे इत्तोनं विचारलं. ती किटली उंच धरून चहा ओतत होती.

“पाल मी विकणार नाही. पण उभारू कुठं, उल्त्मा?”

आमच्यात बहिणीला उल्त्मा म्हणतात. चहा ग्लासच्या काठावरून तबकात सांडला. तिनं तो पुसला आणि एवढंच विचारलं, “कुरण कधी उघडतंय?” वरच्या कुरणात ठरलेल्या दिवसाआधी कोणालाही शिरता येत नाही, शेवाळ्यासारखं का होईना, गवत धरू द्यायचं असतं. अद्दीनं दिवस सांगितला. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हद्दू माझ्याकडे बघत राहिला. पोतं घेऊन पडला होता तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात. “मालेम,” तो मला मालेमच म्हणतो, कारागिराला म्हणतात तसं, “तिला वर न्यायचं. हाच उन्हाळा. पुढच्या वर्षी तिला माहेरच नसणार.”

“कशानं नेतोस? पाठीवर?”

“गाडीनं.”

“कुठल्या?”

त्यानं नुसतं घराच्या मागच्या बाजूला बोट केलं. धंदा बंद केल्यापासून त्याची व्हॅन तिथं खजुराखाली उभी होती. तिच्यात त्याच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

मी हसलो. मी एकटाच नाही, अख्खी गल्ली हसली. रस्ता संपल्यावर वरच्या कुरणापर्यंत जी वाट होती ती मागच्या पुरात वाहून गेली होती. आता नदीचं कोरडं पात्र हीच वाट, गोटे आणि वाळू. त्यात साधी व्हॅन म्हणजे चिखलात म्हैस. पण हद्दूनं ठरवलं होतं. आणि नुसतं पोचवायचं नव्हतं. इत्तोच्या खुब्याला जमिनीवर झोपणं आता सोसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून गाडीतच घर करायचं: पलंग, चूल, पाणी, सावली. अख्खा उन्हाळा दोघांनी पालाशेजारी राहायचं.

कोंबड्या हलल्या आणि काम सुरू झालं. तळाचा पत्रा जागोजागी खाल्लेला. इतकी वर्षं शेळ्यांनी तिच्यात जे केलं होतं ते पत्र्यानं लक्षात ठेवलं होतं. हद्दू दिवसचे दिवस गंज घासत बसायचा, कापायचा, नवा पत्रा बसवायचा, स्वतःच वेल्डिंग करायचा, आणि वेल्डिंग असं करायचा की बघवत नसे. “ते टाके आहेत की जखम?” मी विचारायचो. “धरतंय ना?” तो म्हणायचा. धरत होतं खरं.

स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी उंच उचलली. भंगार बाजारातून कुठल्याशा लष्करी जीपचा पुढचा एक्सेल आणला, म्हणजे पुढची चाकंही ओढतील. तो बसवायला त्याला कितीतरी दिवस लागले, आणि ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी सगळी गल्ली जमली होती. हद्दूनं गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली, आणि जागची हलेना. मागची चाकं पुढं जायचं म्हणत होती आणि पुढची मागं. एक्सेलच्या आतला गिअर उलट्या बाजूला बसला होता. समोरचा टायरवाला म्हणाला, “सी हद्दू,” ‘सी’ म्हणजे आमच्याकडे ‘राव’, “पुढच्या चाकांना घरी जायचंय. जाऊ दे त्यांना.” लोक पोट धरून हसले. हद्दूही हसला, पण रात्री जेवला नाही असं इत्तोकडून कळलं. सकाळी पुन्हा सगळं खोलून बसला.

पत्रा आणि आतल्या लाकडी फळ्या यांच्यात लोकर भरली, म्हणजे दिवसा ऊन आणि पहाटे थंडी आत येणार नाही. लोकर अद्दीच्याच मेंढ्यांची. इत्तोनं अंगणात बसून ती तीन पाण्यांत धुतली, तरी गाडी उन्हात तापली की आत मेंढ्यांचा वास यायचा. मी नाक मुरडलं. इत्तो त्या गाडीच्या दारात उभी राहून बराच वेळ तो वास घेत राहिली.

मग माझ्या कामाची पाळी आली. हद्दू माप घेऊन आला: तिन्ही भिंतींना लागून बैठक, एकसंध, मधे चहाचं तबक ठेवायला जागा.

“अरे, ही गाडी आहे का दिवाणखाना?” मी म्हणालो. “आठ माणसं बसतील यात. झोपणार कुठं तुम्ही?”

“बैठकीवर.”

“एवढ्याशा रुंदीवर? खुबा मोडलेली बाई?”

“मालेम, घर केलंय. घरात पाहुणा आला तर त्याला काय दारात उभा करू?”

“डोंगरात कोण येतंय तुझ्याकडे पाहुणा?”

“म्हणून तर. तिथवर कोणी आलाच, तर किती लांबून आला असेल.”

आमच्या लोकांचं हे असंच आहे. स्वतःला अंथरूण नसेल, पण पाहुण्याला गादी हवी. मी शिवल्या गाद्या, लाल पट्ट्यांच्या कापडाच्या, चांगल्या गच्च भरलेल्या. मग इत्तो बघायला आली. काठी टेकत आत चढली, बसली, इकडेतिकडे सरकली.

“माणसा,” ती नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, “पाय कुठं लांब करू?”

हद्दूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. शेवटी एका बाजूची बैठक काढून तिथं दोघांपुरता पलंग केला. पाहुणे आठाचे पाच झाले. त्यानं हद्दूला वाईट वाटलं, आणि त्याला वाईट वाटतंय हे बघून इत्तोला. पण पलंगाकडे तिनं फारसं पाहिलं नाही. तिनं खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते पाहिलं, आणि डोंगर त्याच बाजूला येणार का, हे विचारलं.

कुरण उघडून आठवडा झाला तेव्हा आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मीपण. चाकांखाली दगड सरकवायला एक माणूस हवा होता, आणि खरं सांगायचं तर ती गाडी कुठं मोडून पडते ते मला बघायचं होतं. घाटातून वर तमतातूश गावापर्यंत ती छान गेली. पुढं डांबर संपलं आणि पहिला हात वर झाला.

एक बाई होती, पिठाचं पोतं घेऊन उभी. हद्दू थांबला. मग गॅसचं सिलिंडर घेतलेला एक माणूस. मग चार गुराखी. मग एक म्हातारा, ज्याला कुठंच जायचं नव्हतं, पण गाडी थांबलीय म्हटल्यावर तो बसला. माझ्या लाल पट्ट्यांच्या गाद्यांवर पाचच्या जागी सात माणसं आणि एक करडू.

पलंगावरून इत्तोचा आवाज आला, “माणसा, हे घर आहे की मोटार?”

“घर आहे म्हणून तर नाही म्हणता येत नाही,” हद्दू आरशात बघत म्हणाला. “मोटार असती तर भाडं घेतलं असतं.”

“लग्न झाल्यापासून मी लोकांच्या पोत्यांवरच बसत आलेय.”

“तू तर पलंगावर आहेस.”

“पोत्याशेजारी,” इत्तो म्हणाली. पिठाच्या बाईनं पोतं थोडं सरकवून घेतलं.

आणि जे व्हायचं तेच झालं. नदीच्या पात्रात, जिथं पलीकडचा चढ सुरू होतो तिथं, एवढं ओझं घेऊन गाडी गोट्यांत बसली. चारी चाकं फिरत होती, बिचारी सगळी एकाच दिशेला, पण गाडी खालीच जात होती. सगळे उतरले. पीठ उतरलं, सिलिंडर उतरलं, करडू उतरलं. दगड घातले, ते उडून गेले. ऊन डोक्यावर. हद्दू चाकापाशी गुडघ्यांवर बसला होता, हात वाळूत. वर न बघताच म्हणाला, “याच गाडीनं वीस-वीस माणसं पोचवली मी. माझ्या बायकोलाच पोचवता येत नाही.”

तेव्हा गाडीतून पहिली गादी बाहेर येऊन पडली. इत्तो काठीनं ढकलत होती.

“चाकांखाली घाला.”

“लाल्ला इत्तो,” मी म्हणालो, मानाच्या बाईला आम्ही लाल्ला म्हणतो, “अहो, आठ दिवस शिवलंय मी ते.”

“छान शिवलंय, सी मीमून. म्हणूनच धरेल.” दुसरी गादी आली. “पालात गाद्या लागत नाहीत मला.”

ते शेवटचं वाक्य हद्दूनं ऐकलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं. पण तो पळतच गाद्या अंथरायला गेला होता. माझ्या लाल पट्ट्या चाकांनी अशा चघळल्या की मी पाठ फिरवली. सात माणसांनी मागून रेटा दिला, कुठंच जायचं नसलेल्या म्हाताऱ्यानंही दिला, आणि गाडी उसळी मारून चढाला लागली. ज्यांच्यामुळे रुतलो त्यांनीच काढलं, म्हणून मी कोणाला बोलू शकलो नाही. याचा मला अजून राग आहे.

पाल दिसलं तेव्हा बाकीचे आपापल्या वाटांना उतरून गेले होते. आता आत आम्ही तिघंच होतो. उतारावर काळा ठिपका, वर धूर, खाली ओघळासारखं पाणी. कुत्री आधी आली, मग अद्दी, लांब टांगा टाकत. हद्दूनं दार उघडून शिडी लावली. इत्तो उतरली, काठी टाकली आणि भावाच्या खांद्याला धरून चालू लागली. पालाच्या दोरापाशी पोचल्यावर तिनं दोर ताणून पाहिला, सैल होता, तर भावावर ओरडली. मग वहिनी बाहेर आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मोठमोठ्यानं, आमच्याकडे रडतात तशा, मागच्या सगळ्या वर्षांचं एकदम. हद्दू गाडीपाशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या मुलींच्या लग्नांतही पाहिला नाही.

मग त्यानं संसार मांडला. गाडीच्या कडेला कापड ताणून सावली केली, चूल बाहेर काढली, पलंगावर नवं ब्लँकेट घातलं. चहा केला. इत्तो आली नाही. दुसरा चहा केला. तिन्हीसांजेला वहिनी येऊन सांगून गेली, ती पालातच निजेल म्हणते. हद्दू म्हणाला, बरोबर आहे, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. ती शेळ्यांचं दूध काढायला बसायची, वहिनीशी भांडायची, हसायची, दुपारी दोरांच्या सावलीत आडवी व्हायची. खुब्याचं नाव नाही. हद्दूला जेवण पालात मिळायचं, जावयाला मिळतं तसं, सगळ्यात चांगला तुकडा आणि सगळ्यात लांबची जागा. खाऊन तो आपल्या गाडीत परत यायचा.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. गेलो मी तिच्याकडे.

“लाल्ला इत्तो, हा माणूस हाडं मोडून तुमच्यासाठी घर करून आणतो, आणि तुम्ही एकदा आत पाऊल टाकत नाही. बरं दिसतं का हे?”

तिनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. “त्याला बोलवा.”

हद्दू आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. मी उठायला लागलो तर ती म्हणाली, “बसा सी मीमून, तुम्हीच भांडण काढलंत.” मग नवऱ्याला म्हणाली, “गाडी फार चांगली झालीय.”

“मग?”

“माहेरी नवरा घेऊन राहायला कोण येतं?”

हद्दूनं एकदा वळून गाडीकडे पाहिलं.

“घर मला तिथंही होतं. इथवरची वाट तेवढी नव्हती. ती तू केलीस. मी तुला जन्मात कधी एवढं मानलं नव्हतं.” तिनं दुधाच्या भांड्यावर फडकं टाकलं. “आपल्या गल्लीतली एक बाई सांग जी रुसून माहेरी गेली नाही.”

मी मनात शोधू लागलो. नव्हतीच. आमच्याकडे बायको रुसली की माहेरी जाऊन बसते. नवऱ्याला मेंढा घेऊन न्यायला जावं लागतं, बायकोच्या वडीलधाऱ्यांपुढे बसून आपलं काय चुकलं ते सांगावं लागतं, आणि मग ती आपलं बोचकं घेऊन बाहेर येते, नाहीतर येत नाही. माझी चारदा गेली. माझ्या सासऱ्याच्या दारात माझे मेंढे ओळखीचे झाले होते.

“सगळ्या जायच्या,” इत्तो म्हणाली. “मला काय राग यायचा नाही? पण निघणार कुठं? कधी सग्रोत, कधी इथं. शोधत पोचेपर्यंत राग विरून गेला असता. मी घरातच गिळायचे. आता पोचलेय.”

“मी काय केलं?” हद्दूनं विचारलं. खरंच विचारलं.

“ते तू आठव. मला घाई नाही. आज खाली जा. मी रुसलेय.”

“किती दिवस?”

“कुरण सोडेपर्यंत. मग ये न्यायला. रीतसर ये.”

तिचे डोळे ओले होते आणि ओठ हसत होते. हद्दूचं मात्र उलटं; तो डोळ्यांनी हसायचा प्रयत्न करत होता आणि हनुवटी थरथरत होती. दुपारी आम्ही उतरलो. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, “मालेम, मी दोघांचा पलंग केला होता.” मला वाईट वाटलं.

गल्लीला तर सणच मिळाला. “सी हद्दू, म्हातारपणी बायको पळाली म्हणे? आणि तूच सोडून आलास? पेट्रोल पण तुझंच?” तो म्हणायचा, “पळाली नाही, रुसलीय.” आधी खाली मान घालून म्हणायचा, मग हळूहळू सरळ बघून. उन्हाळाभर तो रस्त्याच्या टोकापर्यंत पीठ-साखर पोचवत राहिला, पण वर पालाकडे गेला नाही. रीत म्हणजे रीत. माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि मधेच विचारायचा, “एखाद्या बाईनं वर्षानुवर्षं न बोललेलं काय असेल?” मी म्हणायचो, मला विचारू नकोस, माझी बायको तर बोलते, तरी मला कळत नाही.

पहाटेचं पाणी गार लागू लागलं तसा त्यानं मेंढा घेतला. बाजारात अख्खा दिवस घालवला, दहा मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या, शिंगं पाहिली. साक्षीला मला नेलं. गाडीत मेंढा माझ्या उरलेल्या गाद्यांवर उभा होता. मी आता काही म्हणायचं सोडून दिलं होतं.

वर अद्दी वाट बघतच होता. शेजारच्या पालांमधले दोन म्हातारे बोलावले होते. कळपातल्या शेळ्यांच्या शिंगांना व्यापाऱ्यानं निळा रंग लावून ठेवला होता, विकल्या गेल्याची खूण. आम्ही पालाच्या तोंडाशी बसलो. आतल्या विणलेल्या पडद्यामागे इत्तो होती. तिच्या काठीचं टोक खालून दिसत होतं.

अद्दीनं घसा साफ केला. त्याला हसू येईल असं मला वाटलं होतं. पण नाही आलं. त्यानं वडिलांच्या जागी बसून, वडिलांनी विचारलं असतं तसं विचारलं, “आमची मुलगी आमच्याकडे आलीय. काय केलंस तू?”

हद्दू मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर. “कुठल्याही वाटेवर कोणी हात केला तर मी थांबलो,” तो म्हणाला. “ही घरात होती. तिनं हात केला नाही, म्हणून मी थांबलो नाही. हिला माहेर आहे हे मला माहीत होतं. कुठं आहे हेही दर महिन्याला माहीत असायचं, पीठ मीच आणायचो. तिच्या नावानं पाच किलो जास्त नेलं, पण मुली झाल्यावर तिला नेलं नाही. ती काही म्हणाली नाही आणि मला ते बरं पडलं.”

म्हाताऱ्यांपैकी एकानं हळूच ‘हं’ केलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. माझ्या चारही मेंढ्यांच्या वेळी मी असं एक वाक्य बोललो नव्हतो.

पडद्यामागे काठी हलली. इत्तो बाहेर आली, हातात बोचकं. कोणाकडे न बघता ती येऊन हद्दूच्या बाजूला बसली, म्हणजे रुसवा मिटला. अद्दीनं आता ठरलेला शेवटचा प्रश्न विचारायचा असतो, की पुन्हा असं केलंस तर ही इथंच येईल, कळलं ना? त्यानं सुरुवात केली, “पुन्हा असं केलंस तर ही...” आणि तो थांबला. पुढच्या वर्षी ‘इथं’ काही असणार नव्हतं. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

“तर ही इथंच येईल,” हद्दूनं वाक्य पुरं केलं. “मी आणीन.”

“कोणाकडे आणशील? कोणी नसणार इथं.”

“जागा असेल ना? पाणी असेल. मी हिला इथं सोडीन आणि तिकडं खाली, वळणापलीकडे, गाडी लावून बसेन. बोलावलं की येईन.”

अद्दी त्या निळ्या शिंगांकडे बघत राहिला. एवढा उंच माणूस, पण बसल्या जागी लहान दिसत होता. मग त्यानं विचारलं, “मला आणशील?”

“तुला कोणावर तरी रुसावं लागेल, अद्दी,” हद्दू म्हणाला.

अद्दीनं वर पाहिलं, त्या कोरड्या, निळ्या, एकही ढग नसलेल्या आभाळाकडे. “मी रुसलेलोच आहे,” तो म्हणाला.

हद्दूनं मान हलवली. “मग आणीन,” म्हणाला.